सहा बाय अडीच

२ जानेवारी, गुरुवार. कॅम्प, डीआयपी, दुबई
हवामान : स्वच्छ, कमाल २५. मनुष्यबळ : १.

सतरा वर्षं साइटची डायरी लिहितोय. हवा कशी, माणसं किती, काम किती झालं, कुठं अडलं. ती कंपनीची. ही माझी स्वतःची, पहिलीच. पण हवामान आणि मनुष्यबळ टाकल्याशिवाय हात पुढं सरकेना, म्हणून टाकलं.

उद्या कावेरी आणि संजना येताहेत. आठ दिवस. सतरा वर्षांत पहिल्यांदा. फॅमिलीला कंपनीच्या लेबर कॅम्पमध्ये ठेवता येत नाही, बायकांना गेटच्या आतसुद्धा घेत नाहीत. हॉटेलात एका खोलीत कोंडून काय दुबई दिसणार? म्हणून मी डोकं चालवलं. अजमानच्या तहसीनभाईच्या वर्कशॉपमध्ये एक जुनी मिनीबस पडून होती. गेले चार महिने सुट्टीच्या दिवशी जाऊन मी तिची कॅम्पर केली. वायरिंग, पाण्याची टाकी, सिंक, गॅस, छोटा संडास, बेड, सगळं या हातांनी. बदल्यात आठ दिवस बस माझी. बुकिंग झालंय : अल कुद्राचं वाळवंट, अबू धाबी, हत्ता, खोर फक्कान, जेबेल जैस, उम्म अल क्वैन, शेवटी अजमान. वाटेत बाकीच्या अमिराती आहेतच. सात अमिराती, आठ दिवस. बारचार्ट करून मिथुनला दाखवला. मिथुन माझ्या वरच्या बेडवर झोपतो, सिल्चरचा आहे. म्हणाला, “दादा, हनीमून का भी ऐसा प्लान नहीं होता.”

बेड पाहून तहसीनभाई मात्र हसला होता. “भाई, फैमिली के लिए बना रहे हो या कंपनी के लिए?” मी डावीकडे दोन, उजवीकडे दोन असे वर-खाली चार बेड केलेत. सहा फूट बाय अडीच फूट. हे माप मला झोपेतसुद्धा येतं. हसायचं काय त्यात ते कळलं नाही. पठाणाला चेष्टेची सवय.

आणखी एक. आज एचआरमध्ये जाऊन सही करून आलो. आणखी दोन वर्षं. गणपतीत घरी गेलो होतो तेव्हा कावेरीला म्हणालो होतो, डिसेंबरला खलास, मग देवरुखला कायमचा. तेव्हा तसंच वाटलं होतं. गणपतीत माणूस काहीही बोलतो. तिला सांगायचं, पण योग्य वेळी. ट्रिप चांगली झाली की तिलाही पटेल. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.

३ जानेवारी, शुक्रवार. अल कुद्रा
हवामान : वारा मध्यम, थोडी धूळ. मनुष्यबळ : ३.

तीन लिहिताना बरं वाटलं.

शारजा एअरपोर्टवर दोघी सकाळी दहाला बाहेर आल्या. कावेरी जांभळी सुती साडी नेसून, पिवळ्या काठाची. विमानात साडी कशाला, असं मी म्हणालो. म्हणाली, “आज हीच नेसायची ठरवली होती.” संजना माझ्या खांद्याच्या वर गेलीय. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाया पडली. मला अहोजाहो करते आणि आईला अगंतुगं. वळण चांगलं लावलंय कावेरीने.

सामान तीन डाग. दोन पिशव्या आणि एक अठ्ठावीस इंची लाल बॅग. लाल बॅग जड असेल म्हणून दोन्ही हातांनी उचलली तर आत नुसती हवा. “रिकामी?” मी म्हणालो. कावेरी म्हणाली, “हो, जाताना भरायची आहे.” मी म्हणालो, “अख्खी दुबई नेणार की काय!” संजनाने आईकडे पाहिलं. कावेरी हसली. बायकांना शॉपिंग म्हटलं की असंच.

बस पाहून संजना म्हणाली, “बाबा, इट्स अ बस.” मी आत नेऊन सगळं दाखवलं. कुठला स्विच कशाचा, टाकी किती लिटरची, सिंकचं पाणी कुठं साठतं. दोघींनी नीट ऐकून घेतलं. मग कावेरी उभी राहिली आणि तिने बेड मोजले. बोटाने, एक एक करून. “चार?”

“चार. एक जास्तीचा, सामानाला.”

तिने पुन्हा एकदा चारही बेडांवरून नजर फिरवली. एवढं काम तिला अपेक्षित नसेल.

वाळवंटात तळ्याकाठी गाडी लावली. संजनाने हरणं पाहिली, शंभर फोटो काढले. कावेरीने गावाहून आणलेले पोह्याचे पापड तळले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. मग झोपायची तयारी. मी खालचा बेड घेतला, पिशवीतून दोरी, क्लिपा आणि निळी चौकड्याची चादर काढली आणि दोन मिनिटांत पडदा लावला. खोलीत आम्ही आठजण, प्रत्येकाचा असा पडदा असतो. त्याशिवाय झोप कशी येणार? समोरच्या बेडवरून कावेरी बघत होती.

“हे काय?”

“पडदा.”

“कोणापासून?”

“कोणापासून म्हणजे? सवय.”

मग मला गाढ झोप लागली.

४ जानेवारी, शनिवार. अबू धाबी
हवामान : उत्तम. मनुष्यबळ : ३.

चारला जाग आली. चारला येतेच, चार-चाळीसला साइटची बस असते. चहा केला, बाहेर खुर्ची टाकून हे लिहितोय. दोघी झोपल्या आहेत.

(संध्याकाळी) सकाळी सातला त्यांना उठवून बसबाहेर उभं केलं आणि पाच मिनिटं सूचना दिल्या. साइटवर रोज सकाळी देतो तशाच. गॅसचा कॉक कोण बंद करणार, अंघोळीचं पाणी माणशी किती, चालत्या गाडीत कोणी उभं राहायचं नाही. संजना म्हणाली, “बाबा, हेल्मेट पण घालू का?” मी हसलो. पोरगी विनोदी आहे, हे मला माहीतच नव्हतं.

मग मोठी मशीद पाहिली. दोघींनी डोक्यावरून घेतलं होतं, छान दिसत होत्या. पांढऱ्याशुभ्र फरशीवर कावेरी चप्पल हातात धरून बराच वेळ उभी होती. मी तिला दगड कुठून आला, खांब किती, घुमटाचं वॉटरप्रूफिंग कसं करतात ते सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, “तुमची खोली कधी दाखवणार?”

“खोलीत काय बघायचंय? बायकांना सोडतच नाहीत.”

“बाहेरून?”

“बाहेरून सगळ्या सारख्या.”

“मला तेवढंच बघायचं होतं,” ती म्हणाली. एवढी मशीद समोर असताना!

वाटेत तिने घरच्या पडवीचा विषय काढला. तिच्या ब्लाउजच्या दुकानातली जुनी मशीन पडवीत होती, ती काढून पडवी मोकळी केलीय. रंगही दिलाय. “इलेक्ट्रिकचं दुकान टाकता येईल तुम्हाला. देवरुखात मोटर रिवाइंडिंगला माणूस मिळत नाही.” मी म्हणालो, “बघू, इन्शाल्ला.” ती म्हणाली, “फोनवर तुमचं इन्शाल्ला म्हणजे नाही असतं. इथं पण तसंच का?” मी सिग्नलकडे लक्ष आहे असं दाखवलं. सिग्नल तसा हिरवाच होता.

६ जानेवारी, सोमवार. हत्ता
हवामान : थंड, सकाळी १२. मनुष्यबळ : ३.

काल दुपारी आलो. डोंगरात कॅम्प आहे, प्रत्येक गाडीला विजेचा पॉइंट, शेगडी, स्वच्छ संडास. शेजारी एक लेबनीज कुटुंब, त्यांच्या व्हॅनमध्ये बिछाना चांगला सहा बाय सहाचा. व्हॅन लहान, पण बिछान्यालाच सगळी जागा दिलीय. मी त्याला म्हणालो, डिझाइन चुकलंय. तो खो खो हसला. इथं सगळेच हसतात.

काल धरणावर गेलो. हिरवं पाणी आणि तपकिरी डोंगर. कायाकचा भाव ऐकून कावेरी मोठ्याने म्हणाली, “साठ दिरहम? म्हणजे चौदाशे रुपये, अर्ध्या तासाचे!” तरी मी दोघींना बसवलं आणि काठावरून पाहत राहिलो. संजना वल्हवत होती, आई ओरडत होती, दोघी हसत होत्या. मी हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. लांब गेल्यावर त्या दोघीच कशा पूर्ण वाटत होत्या. मी उगाच घड्याळात पाहत होतो, वेळ संपला की हाक मारायला.

परतताना संजनाने माझा फोन घेतला, पुढचा रस्ता लावायला. थोड्या वेळाने तिने तो उलटा करून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागली. विचारलं तर म्हणाली, “नथिंग.” वळणावळणाचा रस्ता आहे, पोटात ढवळलं असेल. जेवलीही नाही. मग आईजवळ जाऊन दोघी बराच वेळ बाहेर कठड्यावर बसल्या. मी आलं घालून चहा नेऊन दिला. माझ्या हातातून कप घेताना कावेरीने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हिला ताप आलाय का. विचारलंही. म्हणाली, “नाही हो. थंडी वाजतेय.”

आज सांगणार होतो. पण दोघींची तब्येत बरी नाही. पुढच्या मुक्कामावर.

७ जानेवारी, मंगळवार. खोर फक्कान
हवामान : दमट, समुद्रावरून वारा. मनुष्यबळ : ३.

समुद्र पाहून कावेरी खुलेल असं वाटलं होतं. इकडचा समुद्र आपल्यासारखा आहे, डोंगर थेट पाण्यात उतरतात. किनाऱ्यावर बसलो. समोर बंदर, कंटेनरच्या रांगा, क्रेन. मी सांगत होतो की एका क्रेनला किती टनाची क्षमता असते, आणि मी नवीन होतो तेव्हा अशाच एका जेटीवर सहा महिने काम केलं होतं, एकेचाळीस डिग्रीत.

तिने मध्येच विचारलं, “तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?”

चोराच्या मनात चांदणं. हिला कसं कळणार? कळणं शक्य नाही. मी म्हणालो, “नाही, काही नाही. का गं?”

“असंच.” मग पायावरची वाळू झटकत, “काहीतरी सांगायचं असेल तर मी ऐकेन हो. भांडणार नाही.”

मी म्हणालो, “तो बघ, तो निळा कंटेनर. तो मुंद्र्याला जाणार.” कुठं जाणार ते मला काय ठाऊक! पण ती बघत राहिली.

दुपारी मी पाणी भरायला गेलो होतो. टाकी भरून आलो तर बसमध्ये कोणी दिसेना. संजना बाहेर शिंपले वेचत होती. मग लक्षात आलं, माझा पडदा ओढलेला आहे आणि त्याखालून कावेरीचे पाय दिसताहेत. पडदा सारला. ती माझ्या बेडवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. वरच्या फळीला मी घड्याळ, आरसा, विक्स आणि चार्जरची पिशवी अडकवलीय, खोलीत असते तशीच. आणि संजनाचा बालवाडीतला फोटो, दोन वेण्यांचा.

“एवढ्यात राहता?” ती म्हणाली.

“हे तर खोलीपेक्षा ऐसपैस आहे. तिथं वरचा घोरतो.”

ती हसेल म्हणून बोललो. तिने फोटोला हात लावला. “सतरा वर्षं,” म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने चुरचुरतात. मी थंड पाण्याने धुवायला सांगितलं.

संध्याकाळी तिने मला कुळथाची पिठी करायला शिकवली. पीठ किती, पाणी किती, गुठळी होऊ नये म्हणून हात कसा फिरवायचा, आमसुलं केव्हा घालायची. दोनदा माझ्याकडून करून घेतली. “तुम्हाला एकट्याला आली पाहिजे,” म्हणाली. इतकं प्रेमाने तिने मला कधीच काही शिकवलं नव्हतं. मनात म्हटलं, चला, ट्रिप जमतेय.

८ जानेवारी, बुधवार. जेबेल जैस
हवामान : बोचरा वारा, ८. मनुष्यबळ : ३. अडथळा : पाणी.

वाईट दिवस.

इतक्या उंचावर बस नीट चढली, इंजिन तापलं नाही, याचा मला आनंद झाला होता. वरून पाहिलं तर सगळे डोंगर उघडेबोडके, गवताची काडी नाही. कावेरी म्हणाली, “किती एकटे आहेत हो हे.” डोंगरांना म्हणाली.

तर दुपारी टाकी रिकामी. संजनाने केस धुतले होते. मी सरळ आवाज चढवला. माणशी दहा लिटर सांगितलं होतं, सकाळी सूचना देताना तुझं लक्ष कुठं असतं, आता इथं पाणी कुठून आणू, वगैरे. साइटवर बोलतो तसं. माझं तोंड आणि ब्रेक नसलेला टिप्पर सारखाच.

संजनाने ओले केस पिळले. मग म्हणाली, “बाबा, आम्ही तुमचे लेबर नाही आहोत.”

“असं बोलतात बापाशी?”

“यू डोन्ट ईव्हन नो मी! मी कुठल्या वर्षाला आहे ते तुम्ही आईला विचारून सांगता. माझे केस धुवायला किती पाणी लागतं ते तुम्हाला कसं माहीत असणार? आणि तुम्ही खोटं—” तेवढ्यात कावेरीने “संजू!” म्हणून तिचा हात धरला. संजना बाहेर जाऊन वाऱ्यात उभी राहिली. ओल्या केसांनी.

कसलं खोटं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी रिकामी टाकी ठोकून पाहत बसलो. रिकामी आहे हे माहीत असताना.

मला फार लागलं. कुणासाठी केलं एवढं? पण मग असंही आठवलं की व्हिसाचा फॉर्म भरताना मी खरोखरच कावेरीला फोन करून विचारलं होतं, पहिलं की दुसरं.

१० जानेवारी, शुक्रवार. उम्म अल क्वैन
हवामान : शांत. मनुष्यबळ : ३.

काल सबंध दिवस प्रवासात आणि मुकाट्याने. इथं खाडीकाठी कॅम्प आहे, तिवरं आहेत, भरती-ओहोटी आहे. कावेरीने सकाळी माझ्याकडे टेप मागितला. पाच मीटरचा स्टीलचा आहे माझ्याकडे, चांगल्यापैकी. तिने काहीतरी मोजलं, मग दारात बसून शिवत राहिली. विचारलं तर म्हणाली, “तुमचं जरा उसवलं होतं.” पिशवीत सुई-दोरा घेऊनच फिरते ती. शिंप्याचा हात, कुठं गप्प बसणार.

दुपारी जेवणं झाल्यावर मी सांगून टाकलं. कसलीही तयारी न करता, भांडी घासता घासता. “कावेरी, मी रिन्यू केलंय. दोन वर्षं.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“हत्त्यापासून. संजूने फोनवर पाहिलं. ऑफिसचा मेसेज आला होता, सही केलेला कागद जोडून.”

आणि मला, खरं लिहितो, हायसं वाटलं. सुटलो. मी म्हणालोसुद्धा, “बरं झालं बाई, मला आठ दिवस गळ्यात धोंडा होता.” ताट तसंच धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

“मी तुम्हाला न्यायला आले होते,” ती म्हणाली. “दुबई बघायला नाही. तुम्ही डिसेंबर म्हणाला होता. मला वाटलं, सतरा वर्षांचा संसार आहे तिथं, एकट्याला आवरायला जमणार नाही. आपण जाऊ, हाताखाली मदत करू, घेऊन येऊ. म्हणून ती बॅग.”

ती लाल बॅग. आठ दिवस जिला ठेचकाळत होतो, जिच्यावरून चेष्टा करत होतो, ती माझ्या कपड्यांसाठी होती.

“सही मोडता येते का?” तिने विचारलं.

“येते. नोटीस द्यावी लागते.”

“मग?”

मी म्हणालो, आत्ता मध्येच सोडणं बरं दिसत नाही, नवीन प्रोजेक्ट आहे, फोरमन माझ्यावर अवलंबून आहेत. संजनाचं शिक्षण म्हणालो. ती म्हणाली, “पैशाचं सांगू नका. माझं दुकान चालतं. पैशाचं मी विचारलेलंच नाही.” मी पुढचं भांडं घासायला घेतलं.

आता दोघी पाण्याकडे गेल्या आहेत. कोणी वाचणार नाही म्हणून इथं लिहून ठेवतो. मला घरी जायची भीती वाटते. गणपतीत गेलो की पहिले दोन दिवस मी पाहुणा असतो, मग अडगळ. कुठल्या डब्यात साखर आहे ते मला विचारावं लागतं. शेजारी येतात ते कावेरीकडे येतात. कुत्रा माझ्यावर भुंकतो. रात्री त्या मोठ्या खोलीत पडलं की चारी बाजूंनी उघड्यावर पडल्यासारखं वाटतं, मी भिंतीकडे तोंड करून सकाळची वाट बघतो. इथं मला माझी जागा माहीत आहे. सहा बाय अडीच. तिथं माझी जागा किती आणि कुठं, हे मला माहीत नाही आणि आता या वयात ते विचारायची लाज वाटते.

हे तिला सांगायला हवं होतं. तिने म्हटलं होतं, ऐकेन. मी तिला फोरमनचं सांगितलं.

११ जानेवारी, शनिवार. अजमान
हवामान : ढगाळ. मनुष्यबळ : सकाळी ३, संध्याकाळी १.

काल रात्र बाहेर खुर्चीवरच काढली. सकाळी बस धुऊन पुसून तहसीनभाईच्या ताब्यात दिली. त्याने कावेरीला विचारलं, “भाभी, कैसा लगा?” ती म्हणाली, “बहुत मेहनत किया है इन्होंने.” तहसीनभाईने चार बेडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. या वेळी हसला नाही.

बॅग भरायला मी सकाळीच चॉकलेटं, बदाम, दूध पावडर, दोन ब्लँकेटं आणली होती. दर वेळी नेतो तेच. कावेरीने पिशव्यांत जेवढं मावलं तेवढं घेतलं. बाकीचं तहसीनभाईच्या मुलांना. बॅग तशीच राहिली.

एअरपोर्टवर मी म्हणालो, “अगं, चेक-इनला वजन शिल्लक आहे तुमचं, फुकट जाईल.”

“ही इथं राहू दे,” ती म्हणाली. “तुमच्याजवळ.”

“मी कुठं ठेवू? बेडखाली मावणार नाही.”

“ठेवा कुठंतरी.”

संजनाने पर्समधून पासपोर्ट साइझ फोटो काढून माझ्या खिशात घातला, कॉलेजच्या फॉर्मचा उरलेला. “तो वेण्यांचा काढा आता, बाबा.” मग तिने मला मिठी मारली. पटकन, चुकून मारावी तशी. तिच्या केसांना शांपूचा वास होता. तेवढ्यासाठी मी तिला ओरडलो होतो.

दोघी आत गेल्या. कावेरीने वळून पाहिलं. ती कालच्या पंजाबी ड्रेसमध्येच होती. मी सहज म्हणालो होतो, “येताना साडी होती, जाताना नाही?” तर म्हणाली, “साडी कामाला लागली.”

१३ जानेवारी, सोमवार. कॅम्प, डीआयपी
हवामान : स्वच्छ. मनुष्यबळ : १. काम : नेहमीचं.

आज जेवणाच्या सुट्टीत एचआरच्या दारापर्यंत गेलो. नोटीस कशी द्यायची ते नुसतं विचारायचं होतं. आतली मुलगी जेवत होती. तिचं होईपर्यंत थांबलो असतो तरी चाललं असतं. पण साइटवरून फोन आला, पंप बंद पडलाय. गेलो. उद्या बघू, इन्शाल्ला.

हे लिहिलं आणि तिचा आवाज आठवला.

बॅग बेडखाली गेली नाहीच. पायथ्याशी उभी केलीय. मिथुन म्हणाला, “दादा, इतना बड़ा बैग? आप जा रहे हो क्या?” मी नाही म्हणालो. पाय थोडे दुमडून झोपावं लागतं.

पडदा लावायला पिशवी उपसली तर चादर नाही. बसमध्ये राहिली म्हणून तहसीनभाईला फोन केला. त्याच्याकडे नाही. मग काय मनात आलं, बॅगेची चेन उघडली. आत घडी घालून ठेवली होती.

माझीच निळी चादर. पण तिला आता चारी बाजूंनी पट्टी घातलेली, वर दोरी ओवायला नेफा शिवलेला. क्लिपा लागणार नाहीत. टाके इतके बारीक, की मशीनचे वाटावेत. आणि उलटून पाहिलं तर आतून अस्तर. जांभळं सुती, पिवळ्या काठाचं. निळी बाजू खोलीकडे, साडीची बाजू माझ्याकडे. मला न्यायला येताना नेसली होती ती.

दोरी ओवली, लावला. सातजण आपापल्या पडद्याआड होते. वेण्यांचा फोटो काढला, शेजारी नवा लावला, मग जुना परत लावला, दोन्ही राहू देत. आडवा झालो. साडीला अजून घरच्या कपाटाचा वास आहे.

माप तिने बसच्या बेडचं घेतलं होतं. तो बेड मी या बेडच्या मापाने केला होता. त्यामुळे पडदा इथं अगदी बरोबर बसला, एका इंचाचाही फरक नाही.